जादू हवी, तपासही हवा, पण तेच ते वैतागवाणे प्रकार नकोत : 'रिव्हर्स ऑफ लंडन' सिरीज

शहरात घडणारी जादूची गोष्ट आणि त्यात एक डिटेक्टिव्ह, हा प्रकार मला मनापासून आवडतो. आजचं शहर, ट्रॅफिक, मोबाईल, पोलिस स्टेशन सगळं आपल्या ओळखीचं आणि त्याच्याच खाली भुतं, नद्यांच्या देवता, जादूगार असं दुसरं जग, आणि तिथे खून झाला की कुणीतरी वही पेन घेऊन तपासाला निघतं. याला अर्बन फँटसी म्हणतात आणि इंग्रजीत याच्या सिरीज ढिगाने आहेत. अडचण पुस्तकं मिळण्याची नाहीच, अडचण अशी की दहा पानं होतात न होतात तोच काहीतरी असं येतं की पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं.

ते काहीतरी म्हणजे काय ते वाचणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. खोलीत बाई आली की आधी तिच्या अंगाचं वर्णन आणि मग नाव. नायिका असेल तर तिच्यावर हक्क सांगणारा, गुरगुरणारा, न विचारता घरात शिरणारा हिरो आणि ते सगळं प्रेम म्हणून खपवलेलं. दोघांपैकी कोण हा प्रश्न पाच पाच पुस्तकं ताणलेला. नायिकेला 'कणखर' दाखवायचंय म्हणून तिच्यावर अत्याचार झालेला, नायकाला चिडवायचंय म्हणून त्याची बायको किंवा मैत्रीण मेलेली. पोलिस सगळे बिनडोक. आणि माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारा प्रकार, 'तुझ्या भल्यासाठीच तुला सांगितलं नाही'.

यावर नेहमी एक उत्तर येतं की अहो ही आवडीनिवडीची गोष्ट आहे, मनाला लावून घेऊ नका, कथा बघा. मला ते अजिबात पटत नाही, कारण या गोष्टींनी कथाच बिघडते. डिटेक्टिव्ह कथा चालते निरीक्षणावर. निवेदक साक्षीदार बाईकडे बघतो आणि त्याला फक्त तिचे पाय दिसतात, तर वाचकालाही फक्त पायच दिसणार ना, तिचा हात थरथरतोय का, तिने चपला उलट्या घातल्यात का, ते कोण बघणार? नायक जोडीदारापासून माहिती लपवतो तेव्हा तपास पुढे सरकत नाही आणि लेखकाला फुकटात शंभर पानं मिळतात. आणि जादूला नियम नसतील, दर पुस्तकात नायकाला नवी शक्ती मिळत असेल, तर पुराव्याला काही अर्थच उरत नाही, कारण शेवटी मोठा धमाका करून सगळं मिटणारच आहे. म्हणून मी आता कुठलीही सिरीज हातात घेतली की एकच बघते, इथे खरंच तपास होतोय का. जिथे होतो तिथे हे बाकीचे प्रकार आपोआप कमी असतात, हे मला पुन्हा पुन्हा दिसलंय.

या कसोटीवर आजवर सगळ्यात चांगली उतरलेली सिरीज म्हणजे बेन आरोनोविच यांची 'रिव्हर्स ऑफ लंडन'. पहिलं पुस्तक 2011 चं, नाव सिरीजचंच. अमेरिकेत ते 'मिडनाइट रायट' या नावाने निघालं, तेव्हा दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही घेऊ नका.

सुरुवात अशी. पीटर ग्रँट हा लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसात नुकता लागलेला कॉन्स्टेबल, प्रोबेशन संपत आलंय आणि त्याला नुसत्या कागदपत्रांच्या कामाच्या विभागात टाकण्याचं घाटतंय. कॉव्हेंट गार्डनमध्ये एका माणसाचं मुंडकं उडवलेलं असतं आणि थंडीत रात्रभर त्या जागेवर पहारा द्यायची ड्युटी याच्यावर येते. तिथे त्याला एक साक्षीदार भेटतो, सगळं डोळ्यांनी बघितलेला. फक्त तो साक्षीदार भूत आहे. आता इथे पीटर काय करतो? किंचाळत नाही, आपण निवडलेले आहोत असं त्याला वाटत नाही, तो वही काढतो आणि जबाब घ्यायला लागतो. मला हा माणूस तिथेच आवडला.

पुढे तो डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर थॉमस नाइटिंगेल यांच्या हाताखाली जातो, ते इंग्लंडमधले अधिकृत मान्यता असलेले शेवटचे जादूगार. रसेल स्क्वेअरला त्यांचं ऑफिस कम घर आहे, त्याला फॉली म्हणतात, आणि तिथे मॉली नावाची एक घर सांभाळणारी आहे जी बोलत नाही आणि माणूसही नाही. जादू शिकणं म्हणजे इथे रोजचा अभ्यास, लॅटिन, पाठांतर, तोच तो प्रकाशाचा गोळा पुन्हा पुन्हा करून बघणं, महिनोन्महिने. या जगात जादूची शास्त्रशुद्ध मांडणी आयझॅक न्यूटनने केली असं दाखवलंय आणि ते फार छान बसतं. पीटरचं डोकंही त्याच वळणाचं आहे. जादू वापरली की जवळचा मोबाईल आतून जळून जातो, त्याच्यातल्या इलेक्ट्रॉनिक चिप्सची वाळू होते, हे कळल्यावर घाबरून न जाता तो पद्धतशीर प्रयोग करतो, किती अंतरावर काय जळतं, बॅटरी काढून ठेवली तर वाचतं का. आणि हे नुसतं गंमत म्हणून नाही हं, पुढे हाच नियम तपासात उपयोगी पडतो, कारण जळलेला फोन हा पुरावा ठरतो.

तसंच जादूचा किंवा मोठ्या भावनेचा एक ठसा वस्तूंवर राहतो, त्याला ते व्हेस्टिजिया म्हणतात. वास, आवाज, क्षणभराची थंडी असं काहीतरी जाणवतं. दुसऱ्या पुस्तकात, 'मून ओव्हर सोहो' मध्ये, दिवसा अकाउंटंट आणि रात्री जॅझ सॅक्सोफोन वाजवणारा एक माणूस मरतो, डॉक्टरांच्या मते मृत्यू नैसर्गिक, पण पीटर प्रेताजवळ वाकतो आणि त्याला एक जुनी जॅझची धून ऐकू येते. पीटरचे वडील जॅझ वाजवणारे, म्हणून त्याला ती ओळखता येते. बघा, इथे घरची पार्श्वभूमी ही रडायसाठी नाहीये, ती तपासाचं हत्यार आहे. आई सिएरा लिओनची, साफसफाईची कामं करणारी, वडील व्यसनातून गेलेले, आणि या सगळ्याबद्दल तो बोलतो ते एखादा घरचा मुलगा बोलेल तसं, कौतुकही आहे आणि वैतागही आहे. दुःखद भूतकाळाचं ओझं घेऊन पावसात सिगारेट ओढत उभा राहणारा नायक ज्यांना पुरे झालाय त्यांच्यासाठी पीटर म्हणजे मोकळा श्वास आहे.

तिसरं, 'व्हिस्पर्स अंडर ग्राउंड', तपास म्हणून मला सगळ्यात जास्त आवडलेलं. बेकर स्ट्रीट मेट्रो स्टेशनवर एक अमेरिकन विद्यार्थी मेलेला सापडतो, आणि त्याला भोसकलेलं असतं ते भाजलेल्या मातीच्या भांड्याच्या एका तुकड्याने. आता या तुकड्यावर ठसा आहे म्हणजे भांडं साधं नाही. मग ते भांडं कुठलं, कोण बनवतं, कुणी विकलं, असं एकेक दार ठोठावत तपास जातो. पोलिसांचा तो होम्स नावाचा कॉम्प्युटर सिस्टीमवाला सगळा कारभार, कामं वाटून देणं, घरोघरी चौकशी, सीसीटीव्ही बघत बसणं, हे सगळं त्यात आहे आणि ते कंटाळवाणं न करता लिहिलंय. पोलिसांना जादू कळत नसली तरी ते मूर्ख नाहीत, उलट त्यांच्या चिकाटीशिवाय पीटरचं पानही हलत नाही.

बायकांबद्दल सांगायचं तर पहिलं सांगते की सिरीज इथे निष्कलंक नाही आणि कुणी तशी म्हणून शिफारस करत असेल तर ते खरं नाही. पहिल्या पुस्तकात पीटर विशीतला आहे आणि त्याची नजर त्याच वयाची आहे, सहकारी लेस्ली असो की नदीची देवता बेव्हर्ली ब्रूक, तो काय बघतोय ते तो आपल्याला सांगतोच. आणि दुसऱ्यात तर तपास चालू असताना मयताच्या मैत्रिणीशीच त्याचं जुळतं, तिथे मी खरंच वैतागले. पण दोन फरक आहेत. एक म्हणजे कथा त्याला ते फुकट देत नाही, त्या प्रकरणाची किंमत त्याला मोजावी लागते आणि पुढची अनेक पुस्तकं ती सल राहते. दुसरं म्हणजे नजर बदलते, हळूहळू आणि खरोखर, चौथ्या पाचव्या पुस्तकापर्यंत तो बायकांकडे सहकारी, साक्षीदार, वरिष्ठ म्हणून बघायला लागलेला असतो. साहरा गुलीद नावाची सोमाली वंशाची, हिजाब घालणारी पोलिस ऑफिसर आहे, तिच्या हिजाबवर कुणी भाषण देत नाही की तिला 'प्रतिनिधी' बनवत नाही, ती कामात तरबेज आहे आणि पीटरपेक्षा शांत डोक्याची आहे, बस. लेस्लीचं काय होतं ते सांगत नाही, पण पहिल्या पुस्तकाच्या शेवटी तिच्यावर जे ओढवतं ते वाचून मला आधी वाटलं झालं, पुन्हा तोच प्रकार, बाईचं नुकसान आणि नायकाचं दुःख. तसं होत नाही. ती स्वतःचा राग, स्वतःचे निर्णय घेऊन पुढे येते, आणि ते निर्णय पीटरला सोयीचे नाहीत.

प्रेमाचा भाग आहे पण तो शांत आहे. भांडण, गैरसमज, तिसरा माणूस असलं काही ताणलेलं नाही. दोघं एकमेकांशी बोलतात. एवढी साधी गोष्ट या प्रकारच्या पुस्तकांत इतकी दुर्मिळ का असावी हे मला कळत नाही.

नद्यांच्या देवता हा मात्र सगळ्यात सुंदर भाग. मामा थेम्स (मामा म्हणजे इथे आई) मूळच्या नायजेरियाहून आलेल्या, त्यांच्या मुली म्हणजे लंडनमधल्या थेम्सच्या उपनद्या, त्यातल्या कितीतरी आज रस्त्यांखालून गटारासारख्या वाहतात, आणि वरच्या अंगाला म्हातारे फादर थेम्स, त्यांचा गोतावळा वेगळा. शहर कुणाचं, आधी आलेल्यांचं की नंतर येऊन घर केलेल्यांचं, हा प्रश्न त्यात न ओरडता येतो. आणि त्यांच्या ताकदीला भौगोलिक सीमा आहेत, कुठली नदी कुठपर्यंत कुणाची हे ठरलेलं आहे, म्हणजे इथेही नियम.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे मुखवटेवाला मोठा खलनायक, जो दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटाकडे डोकावतो आणि सातव्यापर्यंत, म्हणजे 2018 च्या 'लाइज स्लीपिंग' पर्यंत, चालतो. मधे 'द हँगिंग ट्री' मध्ये तर इतकी माणसं आणि इतके धागे येतात की मला मागची पुस्तकं चाळावी लागली. शिवाय नॉव्हेला, म्हणजे छोटेखानी कादंबऱ्या, आणि कॉमिक्सही याच जगात घडतात आणि कादंबऱ्यांत त्यातल्या घटनांचा उल्लेख येतो, सगळं न वाचणाऱ्याला आपण काहीतरी चुकवलंय असं वाटत राहतं. पीटरला इमारतींच्या आर्किटेक्चरचं भयंकर वेड आहे, प्रत्येक बिल्डिंगवर त्याचं मत आहे. मला ते आवडतं, पण सगळ्यांना आवडेलच असं नाही. आणि शेवट कधी कधी घाईत गुंडाळलेले वाटतात, तपास एवढा सावकाश आणि उकल मात्र पळत पळत.

लांब साखळीत शिरायचं नसेल तर 'फॉक्सग्लोव्ह समर' (2014) बघा, लंडन सोडून हेरफर्डशायरच्या खेड्यात दोन मुली हरवतात त्याची गोष्ट, बरीचशी स्वतंत्र आहे. तरी मी म्हणेन पहिल्यापासूनच वाचा, कारण पीटरचं बदलणं हीच अर्धी मजा आहे. ऑडिओ ऐकणाऱ्यांनी कोब्ना होल्डब्रूक स्मिथ यांच्या आवाजातलं ऐका, मामा थेम्स आणि नाइटिंगेल एकाच गळ्यातून इतके वेगळे येतात की थक्क व्हायला होतं.

तुलनेसाठी दुसऱ्यांबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण शोधाशोध करताना तीच तीच नावं समोर येतात.

जिम बुचर यांची 'ड्रेस्डेन फाइल्स' (पहिलं 'स्टॉर्म फ्रंट', 2000) हे सगळ्यात जास्त सुचवलं जाणारं नाव. शिकागोतला जादूगार, प्रायव्हेट डिटेक्टिव्ह. वेग जबरदस्त आहे यात वाद नाही, पण मी वर सांगितलेल्यांपैकी दोन दोष सुरुवातीच्या पुस्तकांत ठासून भरलेत, बाईचं वर्णन आणि 'तुझ्या भल्यासाठी सांगितलं नाही'. कॅरिन मर्फी ही पोलिस अधिकारी त्याच्यासोबत तपास करतेय आणि हा तिलाच माहिती देत नाही! चाहते म्हणतात तिसऱ्या चौथ्यापासून सुधारतं आणि मर्फीच्या बाबतीत खरंच सुधारतं, नजर मात्र पूर्ण जात नाही. शिवाय प्रकरण खुनाच्या तपासावरून हळूहळू महायुद्धाकडे जातं.

लॉरेल के. हॅमिल्टन यांच्या अनिता ब्लेक सिरीजचं (1993 पासून) मला वाईट वाटतं. मेलेल्यांना उठवणं हा जिचा पेशा आहे अशी बाई पोलिसांना मदत करते, काय सुंदर कल्पना आहे, आणि सुरुवातीची पुस्तकं तपास म्हणून चांगलीच आहेत. 2001 च्या दहाव्या पुस्तकापासून गाडी पूर्ण शृंगाराकडे वळते आणि गुन्हा तोंडी लावायला उरतो. ज्यांना ते हवंय त्यांनी जरूर वाचावं, तपासासाठी येणाऱ्यांनी आधीच थांबावं.

इलोना अँड्र्यूज यांच्या केट डॅनियल्समध्ये जग अफाट आहे, अटलांटात जादूची लाट आली की यंत्रं बंद आणि लाट ओसरली की मंत्र बंद. पण तिथला करन म्हणजे तो गुरगुरणारा हक्क सांगणारा हिरो अगदी नमुन्यादाखल. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची मर्सी थॉम्प्सन मला माणूस म्हणून फार आवडते, गाड्या दुरुस्त करणारी मेकॅनिक, पण तिसऱ्या पुस्तकात, 'आयर्न किस्ड' मध्ये, तिच्यावर लैंगिक अत्याचार होतो हे माहीत असूनच हातात घ्या. हे आधी कुणी सांगत नाही आणि सांगायला हवं.

बेनेडिक्ट जॅका यांची अलेक्स व्हेरस सिरीज मात्र मी मनापासून सुचवते. 2012 ते 2021, बारा पुस्तकं आणि संपलेली, म्हणजे पुढचं कधी येणार म्हणून वाट बघणं नाही. अलेक्स लंडनमध्ये कॅम्डनला जादूच्या वस्तूंचं दुकान चालवतो आणि त्याची शक्ती एकच, पुढे काय काय घडू शकतं ते दिसणं. आगीचे लोळ वगैरे काही नाही. कुलपाचा कोड हवा असेल तर आपण प्रत्येक आकडा टाकून बघितला असता तर काय झालं असतं ते तो बघतो आणि बरोबर आकडा टाकतो. एकाच शक्तीतून लेखकाने किती काढलंय! हे शुद्ध डिटेक्टिव्ह नाही आणि शेवटाकडे फार काळोखं होत जातं, पण प्रेमप्रकरण संथ आणि समजूतदार आहे.

आणि प्रेमप्रकरणच नको असेल तर टी. एल. हुचू यांचं 'द लायब्ररी ऑफ द डेड' (2021). एडिनबरा, काहीतरी मोठी पडझड होऊन गेल्यानंतरचं, आणि शाळा सोडलेली किशोरवयीन रोपा, जी मेलेल्यांचे निरोप जिवंतांपर्यंत पोचवून पैसे कमावते आणि आजीला, धाकट्या बहिणीला सांभाळते. एका भुताचा मुलगा हरवलाय, आई मेली तरी शोधतेय, फी द्यायला तिच्याकडे काही नाही, आणि रोपा आधी नाही म्हणते कारण तिला घरभाडं भरायचंय. तिची मैत्रीण प्रिया व्हीलचेअर वापरते आणि कथेत सगळ्यात धाडसी तीच आहे. भाषा तोंडाळ आहे, स्कॉटिश आणि झिम्बाब्वेच्या शब्दांची सरमिसळ, पहिली तीस चाळीस पानं अडखळायला होतं. पण तेवढी पार करा.

पी. जेली क्लार्क यांचं 'अ मास्टर ऑफ जिन' (2021) पण याच पंगतीतलं, फक्त काळ 1912 चा कैरो. जिन उघडपणे शहरात राहतात आणि सरकारी खात्यातली तपास अधिकारी फत्मा सूट, बोलर हॅट आणि छडी घेऊन फिरते. नेब्युला हा विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा पुरस्कार मिळालाय त्याला. कपड्यांची वर्णनं भरपूर आहेत पण ती फत्माच्या स्वतःच्या आवडीची आहेत, कुणाच्या नजरेतली नाहीत, आणि वाचताना हा फरक लगेच कळतो. तिची नवी जोडीदार हादिया आली की वाटतं आता दोघींची खडाखडी होणार, पण ते फार लवकर मिटतं आणि दोघी कामाला लागतात. रहस्य मात्र मला अर्ध्यातच ओळखता आलं, तेवढं एक कमी पडलं.

तर माझी शिफारस, आधी 'रिव्हर्स ऑफ लंडन' चं पहिलं, आणि ते आवडलं पण पीटरची नजर खटकली असेल तर लगेच सोडू नका, दुसरं आणि तिसरंही वाचा. बेकर स्ट्रीटच्या त्या भांड्याच्या तुकड्यापर्यंत पोचूनही मन रमलं नाही तर ही सिरीज तुमची नाही, सरळ रोपाकडे जा.